कुंदा, तुझा हसायचा पिच्चर

कुंदा, तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि माझ्या भुवया वाढल्या. काल शाळेत दुसरीतली एक पोरगी बराच वेळ माझ्याकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "म्याडम, तुमी रागावल्या का?" मी म्हटलं, नाही गं. तर म्हणते, "मंग असं काहून पाहून राहिल्या?" मला हसू आलं आणि लगेच तुला सांगावंसं वाटलं. हातात फोन घेतला, मग ठेवून दिला. म्हणून हे लिहायला बसले.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागं कोण कोण आहे, हे सगळं तुझ्या नवऱ्यानं, भाऊजींनी, पेपरात दिलंय. फोटो मात्र चुकीचा दिलाय. लग्नातला आहे, त्यात तुझ्या भुवया माझ्या आजच्या भुवयांपेक्षाही दाट आहेत. तू बघितला असतास तर भाऊजींचं काही खरं नव्हतं.

मला लिहायचंय ते आपल्या पिच्चरबद्दल. बावीस मिनिटांचा, रुचिकाच्या कॅमेऱ्यावर काढलेला, लाखांदूरच्या बसस्टँडमागच्या तुझ्या पार्लरात घडणारा. त्याच्यावरून आपलं जे भांडण झालं, ते मिटलंच नाही. मिटवायचं माझ्याकडे होतं, आणि मी आज-उद्या करत राहिले.

सुरुवात त्या शनिवारी झाली. सकाळची शाळा करून मी तुझ्याकडे आले होते. तू माझ्या तोंडाला मानेपर्यंत पॅक लावलास, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्यास आणि बजावलंस, "आता बोलजो नको, तडे जातीन." तेवढ्यात दार वाजलं, आणि आवाज आला तो माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना मामी म्हणते. आसगावहून नव्या तांदळाची थैली घेऊन आल्या होत्या. घराला कुलूप, शेजारच्या बाईनं तुझं पार्लर दाखवलं.

"बाई, माही सून आली का इथं? सुरेखा. शाळेत मास्तरीन हाये."

मी खुर्चीत, त्यांच्यापासून दोन हातांवर. खरं सांगते, तडे गेले असते तरी मी बोलले नसते. ज्या बाईनं माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोरलेल्या भुवया बघून "हे कायले उपटल्या?" एवढंच विचारलं होतं आणि त्यानंतर अकरा वर्षांत माझ्याशी कामापुरतंच बोलली होती, तिच्यासमोर मी तशी आडवी पडलेली असावी! आणि तू, कुंदा, डोळ्याचं पातं न लवू देता म्हणालीस, "आली व्हती मामी. गोरी होऊन गेली."

"कोनीकडून गेली? मले तं रस्त्यात नाही दिसली."

"मागच्या दारानं."

तुझ्या पार्लरला मागचं दार नव्हतंच. मामी बाकावर बसल्या. म्हणाल्या, येईल परत. दहा मिनिटं झाली. माझा पॅक सुकून चेहरा ओढायला लागला. तू उगाच कंगवे धूत होतीस. मग मामींची नजर खाली गेली, माझ्या पायांकडे.

"हे चप्पल तं मीच आनून देली व्हती, पवनीच्या बाजारातून."

त्या उठल्या, माझ्या तोंडावर वाकल्या. काकडीची चकती गालावरून घरंगळली आणि मामींचा चेहरा मला एका डोळ्यानं दिसला. "अवं बाप्पा!" त्या म्हणाल्या, "तुले काहून पोतून ठेवलं वं? भिंत हायेस का?"

त्या संध्याकाळीच मामी परत गेल्या. तांदूळ ठेवला, चहा घेतला, राहिल्या नाहीत. मी शरमेनं अर्धी झाले. तू मात्र तीन दिवस हसत होतीस. गिऱ्हाइकाच्या वरच्या ओठावर दोरा चालवताना मध्येच थांबून हसायचीस. दातात दोरा धरूनही बोलता येणारी मी पाहिलेली तू एकटीच. तसाच दोरा दातात धरून तू म्हणालीस, "मास्तरीन, याचा पिच्चर काढाले पाह्यजे."

तुझी भाची रुचिका तेव्हा नागपूरहून कॅमेऱ्याचा कोर्स करून आली होती. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण शाळेच्या गॅदरिंगची नाटकं मीच लिहिते. दोनशे पानी वहीत मी लिहिलं. सासू आली, सासू किंचाळली, सासूनं पार्लरवालीला चप्पल दाखवली, सासू खुर्चीवरून पडली. वाचून दाखवलं तेव्हा तू जागच्या जागी हसलीस आणि मग विचारलंस, "पन हे बाई कोन हाये? मामी तं अशा नाहीत."

मी म्हटलं, अगं विनोदी आहे, वाढवून लिहावं लागतं.

"मंग हे काम मामीच करतीन," तू म्हणालीस.

मला वाटलं गंमत करतेस. धानाची रोवणी आटोपल्यावर एका रविवारी तू खरोखर मला एसटीत बसवलंस आणि आसगावला नेलंस. मामी बांधावर होत्या, पदर खोचलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल. तू जयभीम केलास आणि तिथंच बांधावर बसकण मारलीस, नव्या साडीनिशी.

"मामी, आमी पिच्चर काढून राहिलो. त्यात एका सासूचं काम हाये. लय खडूस सासू हाये. कोनालेच जमून नाही राहिलं."

"काय करते थे?"

"सुनेले शोधाले पार्लरात येते."

मामींनी तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी बंधाऱ्याच्या पाण्याकडे बघायला लागले. त्या पाण्याशी वाकल्या. मग हात धुवत म्हणाल्या, "थे खडूस नव्हती. थकली व्हती. दहा किलो तांदूर डोक्यावर घेऊन बसस्टँडापासून दोनदा फिरली. सून घरी असन, पानी देईन, असं वाटलं व्हतं तिले."

कुंदा, माझ्या वहीत हे कुठंच नव्हतं. अकरा वर्षं ज्यांच्या घरात मी सून आहे, त्या बाई थकत असतील हे मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी पार्लरमध्ये मला माझी शरम दिसली, त्यांच्या डोक्यावरची थैली दिसली नाही. तू माझा हात दाबलास, नुसताच. आणि त्यांना विचारलंस, "मंग येता का?"

"येतो. पन थे बाई खडूस नाही रायनार."

पितरांच्या पंधरवड्यात तुझ्याकडे गिऱ्हाईक नसतं. तेव्हाच्या दोन रविवारी आपण पिच्चर काढला. पार्लरवाली तू. सून मी, कारण दुसरी कोणी तोंड झाकून काम करायला तयार नव्हती. दिग्दर्शक पण मीच. तोंडावर पॅक असताना मी "कट" म्हणायचे आणि तडे जायचे, मग तू परत लिंपायचीस. मामी माझ्या वहीतलं एकही वाक्य बोलल्या नाहीत. म्हणायच्या, "हे मी बोलतच नाही." त्यांना जे सुचेल ते बोलायच्या, तू त्याला जोड द्यायचीस, आणि तुम्ही दोघी मिळून जे बोललात तोच पिच्चर झाला. मी संध्याकाळी घरी येऊन ते वहीत उतरवून घ्यायचे, एवढंच.

दुसऱ्या रविवारी दुपारी मामी खूप दमल्या होत्या. बाकावर टेकून पाय चोळत होत्या. टाचांच्या भेगांत अजून रोवणीची काळी माती होती. तू टबात कोमट पाणी आणलंस, खाली बसलीस आणि त्यांचे पाय पाण्यात सोडलेस. मामी आधी ओढून घ्यायला लागल्या. "अवं, तू कायले हात लावतेस?"

"राहू द्या मामी. माहं रोजचंच हाये."

रुचिकानं कॅमेरा बंद केला नव्हता. तू त्यांची टाच तळहातावर घेतलीस. मामी पाण्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "माह्या पायाले चिखलाबिगर आजवरी कोनं हात नाही लावला."

तू मान खाली घालून घासत राहिलीस. मग तुझा ब्रश तळव्यावर फिरला, आणि मामींनी एकदम "अगागागा, गुदगुल्या होतेत वं!" म्हणून लाथ मारली. टब उलटा. तू डोक्यापासून कमरेपर्यंत भिजलीस, केसांत साबणाचा फेस, आणि मामी तोंडाला पदर लावून अशा हसल्या की त्यांना श्वास घेता येईना. मामींच्या उजव्या बाजूची दाढ पडलेली आहे हे मला त्या दिवशी कळलं. तोवर त्यांना मी तोंड उघडून हसताना पाहिलंच नव्हतं.

आणि कुंदा, नेमकं तेच मी कापलं.

पिच्चर जोडायला बसले तेव्हा मी रुचिकाला सांगितलं, मामींच्या त्या वाक्यावर संपव. पाय, पाणी, वाक्य आणि शेवट. मला वाटलं, किती मोठं झालं हे! मला वाटलं, लोक म्हणतील सुरेखा मॅडमनं काय लिहिलंय. तू ते बघितलंस आणि उठून उभी राहिलीस.

"लाथ कुठं गेली?"

"लाथ नको. त्यानं परिणाम जातो."

"मास्तरीन, पिच्चर हसाचा हाये. पाय धुऊन बाया रडत घरी गेल्या तं माह्या पार्लरात कोन येईन? रडाले त्याईले घर हाये."

तू नेमकं बोललीस. आणि उत्तर सुचलं नाही की मास्तरीण जे करते तेच मी केलं. म्हणाले, "तुला सिनेमातलं नाही कळायचं, कुंदा."

तू टॉवेल झटकलास, दोरीवर टाकलास. आठवी शिकलेल्या बाईला बीएड झालेली बाई असं म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, ते आपल्या दोघींनाही कळत होतं.

लाखांदूरच्या मंगल कार्यालयात पहिला खेळ झाला, भर दुपारी, खिडक्यांना काळी ताडपत्री लावून. पडद्यावर नाव आलं: "माही सून आली का?" खाली लिहिलं होतं: कथा, संवाद, दिग्दर्शन, आणि पुढं एकटीचं माझं नाव. तुझं नाव आलं ते फक्त पार्लरवालीच्या कामासाठी. शेवटाला बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मला शाल मिळाली. मंचावरून मी तुला शोधलं, तर तू मागच्या रांगेत कुण्या पोरीच्या अंबाड्यात पिना खोचत होतीस.

चार दिवसांनी मी भुवया करायला आले. शाळेतल्या सहकाऱ्याच्या घरी लग्न होतं, अर्ध्या तासानं गाडी होती. तू नेहमीसारखी पावडर लावलीस, डावी भुवई केलीस, आणि दोरा खाली ठेवून चहा प्यायला बसलीस.

"दुसरी?" मी विचारलं.

"दुसरीतलं तुले नाही कळाचं," तू म्हणालीस आणि बशीत चहा ओतलास.

पूर्ण चहा संपेपर्यंत मी एका भुवईनं बसून राहिले. आरशात बघितलं तर चेहऱ्याचा डावा अर्धा भाग लग्नाला निघालेला आणि उजवा शेतावर. मला हसू फुटलं, मग तुलाही. तू उठून दुसरी केलीस. म्हणालीस, "झालं. आता बोल." तू मला जागा करून दिली होतीस, कुंदा. तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "गाडी निघेल गं," आणि पळाले.

मग करडी गावच्या बायांनी पिच्चर मागवला. समाजमंदिरात पन्नासेक बाया, पोरं कडेवर, आणि मी पुढच्या खुर्चीत ऐटीत. शेवट आला. पाय, पाणी, वाक्य. मी मनात म्हटलं, आता पडदा काळा होईल. तो झाला नाही. मामींची लाथ आली, टब उलटा झाला, तू फेसानं माखलीस आणि ते समाजमंदिर हादरलं. एक म्हातारी हसता हसता शेजारणीच्या मांडीवर पडली. कुणीतरी ओरडलं, "परत दाखवा वं!" रुचिकाला मागं नेऊन परत दाखवावं लागलं. तू मला न विचारता तिच्याकडून जोडून घेतलं होतंस.

परतताना भंडाऱ्याच्या बसमध्ये मी तुझ्याशी बोलले नाही.

"आयकलं का हसू?" तू विचारलंस.

"ऐकलं."

"मंग?"

मी खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत राहिले. आज सांगते, मला त्या समाजमंदिरातच कळलं होतं. मामींचं ते वाक्य माझ्या शेवटात एकटं पडत होतं. तुझ्या शेवटात त्या बाईनं जन्माचं दुःख सांगितलं आणि पुढच्याच क्षणाला ती पोट धरून हसली. ती बाई तशीच आहे. तुला ते बांधावरच कळलं होतं, आणि मला वहीत सापडत नव्हतं. त्या बसमध्ये "मंग"ला उत्तर होतं माझ्याकडे. मी ते तीन महिने बाळगलं.

आपण बोलत होतोच म्हणा. तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला, पुढच्या पिच्चरबद्दल. "यावेळी नवरे घेऊ. गल्लीतले सगळे चोरून डाय लावाले येतेत, आनि एकमेकाले पाहून डोकं झाकतेत." तू इतकी हसत होतीस की निम्मं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या डोक्यातली नस फुटली म्हणून कळलं. नागपूरला नेलं. मी पोचले तेव्हा तुझ्या बोटांवर मेंदीचा रंग होता, कुण्या नवरीला लावलेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तुमच्या वस्तीतल्या विहारात झाला. वंदना झाली, माणसं बोलली. तुझ्या हातून सजलेल्या नवऱ्या आता आपापल्या पोरांना घेऊन आल्या होत्या. मग भाऊजी रुचिकाला म्हणाले, "पिच्चर लाव. तिले बोलताना पाहू दे." रुचिका माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "मावशी, कोणता लावू?"

मी माईक घेतला. मी सांगितलं की यातली कल्पना कुंदाची आहे. संवाद तिचे आणि माझ्या सासूबाईंचे आहेत, मी फक्त उतरवून घेतले आणि वर माझं नाव टाकलं. मी सांगितलं की मी तिला एकदा म्हणाले होते, तुला सिनेमातलं नाही कळायचं. तेव्हा न कळणारी मी होते. हे तिला सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला सांगते. आणि रुचिकाला म्हटलं, "कुंदाचा लाव."

लोक हसायचं की नाही या विचारात होते. भिंतीला तुझा हार घातलेला फोटो, आणि पडद्यावर तू म्हणतेस, "गोरी होऊन गेली." पहिल्यांदा भाऊजींना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हसत होते. मग सगळे सुटले. लाथेला तर भन्तेजींनीही चिवराचा काठ तोंडावर धरला. मला तुझं जाणं त्या क्षणी फार लागलं, आणि तरी मी बरी होते, कुंदा. पन्नास-साठ माणसं तुला बघून हसत होती, तुझ्या इच्छेप्रमाणे, आणि मी त्यांच्यात बसून मोकळेपणानं हसत होते.

रुचिकानं परवा नावांची पाटी बदलली. आता तिथं तिघींची नावं आहेत. मामींचं दुसरं. त्यांनी स्वतःच्या नावाचं अक्षर अन् अक्षर बोटानं लावून पाहिलं.

मामी तुझ्या कार्यक्रमाला आल्या त्या अजून आमच्याकडेच आहेत. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलंय, घाई नाही म्हणतात. सकाळी आम्ही दोघी भाजी निवडत बसतो. त्या मला आसगावच्या बायांच्या गोष्टी सांगतात, मी शाळेच्या सांगते. परवा त्यांनी मुख्याध्यापकांची नक्कल केली, त्यांना एकदाच बघून. अकरा वर्षं ही बाई माझ्या घरात येत-जात होती, आणि तिची माझी ओळख तू करून दिलीस. याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही, आणि तू मानूही दिले नसतेस.

आत्ता हे लिहिताना त्या शेजारी येऊन बसल्या. विचारलं, "कोनाले लिवून राहिली?"

"कुंदाला."

त्या कागदाकडे बघत होत्या.

"मंग माह्याकडून बी लिव," म्हणाल्या. "लिव, का मी तुह्यावर रागावली हावो. माहं वय झालं, जाचं मले व्हतं. रांगेत मधात घुसली तू."

मी लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता खाली लिव, का जेवली का नाही तू."